मालेगावचा सुपरमॅन आणि पहिली पाच प्रदर्शनं

गेल्या पोस्टमध्ये नेटवर्कमधला 'महत्त्वाचा बिंदू' कसा ओळखतात ते आपण पाहिलं, आणि पुढच्या वेळी त्याचं गणित सोडवू असं मी कबूल केलं होतं. ते गणित आज आहे, पण सिनेमाच्या वाटेनं येणार आहे. त्याचं कारण असं की मालेगाववरचे दोन सिनेमे मी लागोपाठ पाहिले, मग माझ्या विषयातले दोन पेपर पुन्हा उघडून बसले, आणि एका माणसाला दहा वर्षांपूर्वी बोललेलं एक वाक्य मला फार खुपायला लागलं. त्या वाक्याकडे शेवटी येते.

आधी सिनेमे. पहिला म्हणजे फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा २००८ चा माहितीपट. आपल्याकडे तो थिएटरात लागायला २०१२ उजाडलं. दुसरा रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'. हा कथापट आहे, लेखन वरुण ग्रोव्हर यांचं. २०२४ मध्ये तो टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याकडे प्रदर्शित झाला. दोन्हींतली माणसं तीच आहेत. व्हिडिओ पार्लर चालवणारा आणि सिनेमाचं वेड डोक्यात गेलेला नासिर शेख, लेखक फरोग, आणि यंत्रमागावर काम करणारा काडी पैलवान शफीक. हाच शफीक पुढे मालेगावचा सुपरमॅन होतो.

ज्यांना मालेगाव फक्त बातम्यांतून माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. नाशिक जिल्ह्यातलं, गिरणा आणि मोसम नद्यांच्या काठचं हे विणकरांचं शहर. १८५७ नंतरच्या काळात उत्तरेकडून आलेल्या विणकर कुटुंबांनी इथं वस्ती केली. हातमाग गेले, यंत्रमाग आले. शुक्रवारी माग बंद असतात आणि हातात आठवड्याची मजुरी असते, म्हणून शुक्रवार सिनेमाचा. नासिर आणि मंडळींनी 'शोले'ची स्वतःची आवृत्ती काढली, 'मालेगाव के शोले', ती या शुक्रवारच्या प्रेक्षकासाठी. पन्नास हजार रुपयांच्या आसपास खर्च, व्हिडिओ कॅमेरा, गावातलेच नट. पिक्चर गावात तुफान चालला. मग आणखी विडंबनपट आले आणि शेवटी सुपरमॅन.

"ढासळतं शहर" म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ओस पडलेले कारखाने आणि रिकामे रस्ते येतात, डेट्रॉइटसारखे. आपल्याकडे तसं होत नाही. मालेगावची लोकसंख्या कमी झालेली नाही, २०११ च्या जनगणनेत ती चार लाख ऐंशी हजारांच्या वर होती. आटतो तो धंदा. सुताचे भाव, विजेचं बिल, जुने साधे माग आणि त्यांच्याशी स्पर्धा करणारे आधुनिक, ही गणितं जुळेनाशी होतात. माणसं तिथंच राहतात, पण त्यांच्या हातातलं काम पातळ होत जातं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मी इचलकरंजीची. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आमच्याकडे पहिला यंत्रमाग बसवला, आणि मी शाळेत होते तोवर आमच्या गल्लीत खटखट थांबली की लोक बाहेर येऊन विचारायचे, "लाइट गेली काय?" आता सुट्टीला घरी गेले की शांतता असते आणि कुणी काही विचारत नाही. पुण्यात हॉस्टेलच्या खोलीत हेडफोन लावून 'सुपरबॉइज' सुरू केला आणि मागाचा आवाज आला, तेव्हा मी सिनेमा थांबवला आणि तेवढा तुकडा दोनदा ऐकला. त्यामुळे हे परीक्षण तटस्थ नाही, आधीच सांगून ठेवते.

दोन सिनेमे, दोन प्रश्न

'सुपरबॉइज' चांगला सिनेमा आहे. पहिला अर्धा भाग तर फारच. नासिर पार्लरमध्ये वेगवेगळ्या पिक्चरांचे तुकडे जोडून स्वतःचा खेळ दाखवतो, पायरसीवरून पोलिस येतात, आणि मग 'दुसऱ्याचा दाखवायचा नाही तर आपलाच काढू' हा विचार त्याच्या डोक्यात येतो. तुटपुंज्या साधनांत केलेली जुळवाजुळव दाखवताना दिग्दर्शिकेचा हात हलका आहे, आपण त्या पोरांना हसत नाही, त्यांच्यासोबत हसतो. विनीत कुमार सिंगचा फरोग मला सगळ्यात आवडला. कथा घेऊन मुंबईला जाणारा, दारं ठोठावणारा आणि परत येणारा माणूस त्यानं कुठेही रडगाणं न करता उभा केलाय.

माझी तक्रार उत्तरार्धाबद्दल आहे. यश आल्यावर मित्र फुटतात, श्रेय आणि पैशावरून भांडणं होतात, नासिर ताठतो, फरोग निघून जातो. मग शफीकला कॅन्सर असल्याचं कळतं आणि मोडलेली टोळी त्याला सुपरमॅन बनवण्यासाठी पुन्हा एकत्र येते. शेवटच्या खेळाला माझेही डोळे भरून आले, नाही म्हणणार नाही. पण दिवे लागल्यावर विचार केला तर लक्षात येतं की सिनेमानं प्रश्न बदललाय. या पोरांचं पुढे काही का झालं नाही, हा प्रश्न होता. सिनेमा त्याचं उत्तर स्वभावात शोधतो: अहंकार आडवा आला, मैत्री तुटली, नशिबानं घाला घातला. आणि मैत्री जुळली की स्वप्नही जुळतं. म्हणजे मालेगावच्या पोरांचं स्वप्न मोडलं ते पोरांमुळेच, आणि सांधलं तेही पोरांनीच. मध्ये मालेगाव कुठेच नाही. माग ऐकू येतात, पण गोष्टीत ते काही करत नाहीत.

माहितीपटात ते करतात. शफीक मागावरून सुट्टी काढून येतो. त्याला सुपरमॅन व्हायचंय, त्यासाठी आजाराचं निमित्त लागत नाही. उडण्याचा शॉट घ्यायला हिरवा पडदा हवा, तर ट्रकच्या बाजूला हिरवं कापड बांधतात. कॅमेऱ्याला क्रेन हवी, तर बैलगाडी उलटी वापरतात. ट्रॉली म्हणून सायकल. सुपरमॅनला आडवा धरायला काठी, आणि काठी धरायला माणसं. एकदा कॅमेरा पाण्यात पडतो आणि सगळं काम ठप्प होतं, कारण दुसरा कॅमेरा नाही. इथं कुणाच्या स्वभावामुळे काही अडत नाही. वस्तू कमी, वेळ कमी, अंतर जास्त. फरोगच्या तोंडी मुंबईचा विषय निघतो तेव्हा आपल्याला कळतं की मुंबई तीनशे किलोमीटरच्या आत आहे आणि तरी तिथं पोचायचा रस्ता नाही.

खरा शफीक २०१२ मध्ये माहितीपट थिएटरात लागायच्या आधीच गेला.

तर हा माझा मुद्दा. कलाकाराचं काही झालं नाही की आपण त्याचं कारण त्याच्या आत शोधतो: गुण कमी, मेहनत कमी, चिकाटी कमी. अंतर आपण मोजतच नाही. आता ते मोजणारा पेपर पाहू.

पहिली पाच प्रदर्शनं

२०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात फ्रायबर्गर, बाराबाशी आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. त्यांनी १९८० ते २०१६ या काळातल्या जगभरच्या चित्रप्रदर्शनांच्या आणि लिलावांच्या नोंदी गोळा केल्या. १४३ देश, १६,००२ गॅलऱ्या, ७,५६८ संग्रहालयं आणि जवळजवळ पाच लाख कलाकार.

पद्धत समजायला सोपी आहे. एखाद्या चित्रकाराचं प्रदर्शन आधी 'क' गॅलरीत आणि नंतर 'ख' संग्रहालयात झालं, तर 'क'पासून 'ख'कडे एक बाण काढायचा. असे पाच लाख लोकांचे बाण काढले की संस्थांचं एक जाळं तयार होतं. आता या जाळ्यात मोठं कोण? इथं गेल्या पोस्टमधलं गणित येतं. नुसते बाण मोजायचे नाहीत, बाण कुणाकडून आलेत ते बघायचं. लग्नाच्या यादीसारखं आहे हे. आमंत्रणं पन्नास आली याला फार अर्थ नाही, ती कुणाच्या घरची आहेत याला आहे. आणि ते घर मोठं कशावरून? तर त्याला मोठ्या घरांची आमंत्रणं येतात यावरून. ऐकायला हे गोल गोल वाटतं, पण गणितात याचं एकच ठाम उत्तर निघतं. मॅट्रिक्सचं आयगेनव्हेक्टर काढायचं. ज्यांना बारावीनंतर हा शब्द पुन्हा ऐकायचा नव्हता त्यांची माफी मागते.

उत्तर काय आलं? अमेरिका आणि युरोपातल्या काही मोजक्या संस्थांचा घट्ट गाभा, आणि आजूबाजूला इतर प्रदेशांची बेटं. बेटाच्या आत प्रदर्शनं होत राहतात, पण तिथून गाभ्याकडे जाणारे बाण थोडेच.

मग त्यांनी प्रत्येक कलाकाराची पहिली पाच प्रदर्शनं घेतली. ती कोणत्या दर्जाच्या ठिकाणी झाली यावरून दोन गट पाडले: सुरुवातच वरच्या २० टक्के संस्थांत झालेले, आणि तळाच्या ४० टक्के संस्थांत झालेले. दहा वर्षांनी पहिल्या गटातले ३९ टक्के अजून प्रदर्शनं करत होते. दुसऱ्या गटातले १४ टक्के. वर सुरुवात केलेल्यांपैकी बहुतेक शेवटपर्यंत वरच राहिले. खालून सुरू करून टिकलेल्यांपैकी वर पोचले ते जेमतेम दहातला एक.

पहिली पाच प्रदर्शनं म्हणजे साधारण पंचविशी-तिशीचा काळ. माणूस स्वतःला अजून "शिकतोय" म्हणतो, तेव्हा.

आता तुमच्यातला शंकेखोर वाचक (मला तोच आवडतो) म्हणेल: थांब. वरच्या गॅलरीनं ज्याला घेतलं तो मुळातच चांगला चित्रकार असेल ना? मग टिकला यात नवल काय?

शंका रास्त आहे. या अभ्यासातून तिचं पूर्ण निरसन होत नाही, कारण तो नुसत्या नोंदींचा अभ्यास आहे. गुण आणि दार यांना वेगळं करायचं तर तोच माणूस, त्याच गुणांसकट, दोन वेगळ्या जगांत सोडून बघायला हवा. खऱ्या आयुष्यात ते शक्य नाही. पण गाण्यांच्या बाबतीत कुणीतरी ते केलंय.

एकच गाणं, आठ जगं

२००६ मध्ये मॅथ्यू सॅलगॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी एक संकेतस्थळ उघडलं. अनोळखी बँडची ४८ गाणी. ऐका, गुण द्या, आवडलं तर फुकट उतरवून घ्या. एकूण १४,३४१ जण आले. त्यातल्या काहींना फक्त गाण्यांची यादी दिसली. बाकीच्यांना नकळत आठ वेगवेगळ्या "जगांत" वाटलं गेलं. प्रत्येक जगात आपल्याआधी आलेल्यांनी कोणतं गाणं किती वेळा उतरवून घेतलं ते दिसायचं, पण फक्त त्याच जगातल्यांनी. सगळ्या जगांची सुरुवात शून्यापासून.

गाण्याची गुणवत्ता खरंच सगळं ठरवत असती तर आठही जगांत निकाल सारखा लागायला हवा होता. तसा लागला नाही. एक गाणं ज्यांना आकडे दिसत नव्हते त्यांच्या पसंतीत २६ वं होतं, म्हणजे मधलंच. तेच गाणं एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्या एका जगात चाळिसावं. गाणं तेच, सूर तोच, गायलेही तेवढ्याच जीव तोडून. सुरुवातीला चार माणसं कुठल्या बाजूला झुकली, एवढाच फरक.

निष्कर्ष मात्र नीट वाचा, कारण याचा गैरवापर फार होतो. "गुणवत्ता काहीच नसते, सगळं नशीब" असा तो नाही. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट गाणी सहसा वर आली नाहीत. पण त्या दोन टोकांच्या मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. आणि तुम्ही-आम्ही, मालेगावचे नासिर-फरोग, कुठल्याही गावातल्या चित्रकलेच्या वर्गातली बहुतेक मुलं त्या मधल्यांतच असतात. तिथं चार माणसं कुठे झुकतात याला फार महत्त्व आहे. आणि ती चार माणसं तुमच्या शहरात राहतात की नाही यालाही.

आता पुन्हा सिनेमाकडे

हे दोन्ही पेपर डोक्यात ठेवून 'सुपरबॉइज' आठवला तर एक गंमत दिसते. मालेगाववर मोठा हिंदी सिनेमा का निघाला? कारण आधी माहितीपट होता, तो महोत्सवांत फिरला, लोकांनी एकमेकांना दाखवला. बाण तयार झाले. मालेगावच्या बाहेर न गेलेल्या इतर शहरांत अशी पोरं नव्हती असं थोडंच आहे? त्यांच्याकडे तेव्हा कुणी कॅमेरा घेऊन आलं नाही, इतकंच. म्हणजे 'चिकाटी असेल तर जग दखल घेतं' हे सांगणारा सिनेमा स्वतःच एका योगायोगाचं अपत्य आहे. त्याला हे माहीत असतं तर तो आणखी चांगला झाला असता.

पण पेपरवर मी तेवढीच नाराज आहे. ते १४ टक्के सोडून उरलेले ८६ टक्के कुठे गेले? पेपरच्या दृष्टीनं ते संपले. नोंद थांबली की कलाकार थांबला. या हिशेबात 'मालेगाव के शोले'ची किंमत शून्य, कारण तो कुठल्याही महत्त्वाच्या बिंदूवर दाखवला गेला नाही. फक्त शुक्रवारी, मागवाल्यांना. त्या दिवशी त्या माणसांनी पडद्यावर स्वतःची गल्ली, स्वतःची बोली पाहिली. ही घटना कुठल्या स्तंभात भरायची? माहितीपटाचं मोठेपण मला इथं वाटतं. तो यशाची व्याख्या मुंबईकडून उसनी घेत नाही. आणि 'आपल्या गावात राजा तो खरा राजा' असली स्वस्त समजूतही घालत नाही. शफीकला दुसऱ्या दिवशी मागावर जायचंच आहे, हे तो विसरू देत नाही.

पुढे मालेगावच्या मातीतूनच छोटू दादाचे विनोदी व्हिडिओ निघाले आणि यूट्यूबवर कोट्यवधी लोकांनी पाहिले. मग अंतर संपलं का? मला वाटतं दरवाजाची जागा बदलली. पूर्वी चार माणसं झुकावी लागायची, आता यंत्राची शिफारस झुकावी लागते. गाण्यांचा तो प्रयोग मला आजच्या यूट्यूबचंच छोटं रूप वाटतो. एक छोटू दादा दिसतो. चाळिसाव्या क्रमांकावरचा दिसत नाही.

आणखी एक. दोन्ही सिनेमांच्या नावांत 'मेन' आणि 'बॉइज' आहे, आणि ते प्रामाणिक आहे. नायिका बाहेरगावाहून आणावी लागते, कारण गावातल्या मुलीनं पडद्यावर यायची सोय नाही. कथापटात मंजिरी पुपालानं ती बाहेरून आलेली नटी छान केली आहे. पण मालेगावातल्या एखाद्या मुलीला सुपरवुमन व्हायचं असेल का, हा प्रश्न कुणी विचारला नाही. मोडलेली स्वप्नं मोजताना आपण, सिनेमा आणि पेपर तिघंही, उघडपणे पडलेलीच मोजतो.

ते वाक्य

आता दादाबद्दल. माझा मावसभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्हींत ए ग्रेड. सुट्टीत बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरच्या हाताखाली काम करायचा, नंतर कोल्हापूरला जाऊन जी. डी. आर्ट केलं. त्याच्या चित्रांत मागाचं खातं असायचं: धोटे, कांड्या, सूत उडून पांढऱ्या झालेल्या भिंती, कांड्या भरणाऱ्या बायकांचे हात. एकदा तो हातकणंगल्याहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं, चार कॅनव्हास चादरीत गुंडाळून मुंबईला गेला. एका गॅलरीत त्याला सांगितलं की फोटो ठेवून जा, कळवू. कळवलं नाही. गावातल्या एका हॉलमध्ये तीन दिवस प्रदर्शन केलं, त्याला आम्ही सगळे नातेवाईक दोन-दोनदा जाऊन आलो. त्याची पहिली पाच प्रदर्शनं म्हणजे ते एक.

मग मावशीच्या घरचे आठ माग भंगारात, वजनावर गेले. दादानं फ्लेक्सचं दुकान टाकलं. ज्या फ्लेक्सनं त्याच्या पेंटर गुरूचं काम खाल्लं, त्याचंच. वाढदिवस, श्रद्धांजली, नेत्यांचे हात जोडलेले फोटो.

मी तेव्हा बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, पहिल्या नंबरात येत होते आणि जग गुणांवर चालतं अशी माझी पक्की खात्री होती. एका दिवाळीत मी त्याला म्हणाले, "दादा, तू मेहनत सोडलीस म्हणून असं झालं." तो हसला आणि फराळाची ताटली पुढे केली.

आज मी अशाच जाळ्यांवर पीएच.डी. करते. माझी स्वतःची वाट आता मला आकृतीसारखी दिसते. एका सरांनी एक पत्र लिहिलं, त्यामुळे उन्हाळी प्रकल्प मिळाला, त्यामुळे पुढचं. विज्ञानाच्या जाळ्यात इचलकरंजीहून पुण्यापर्यंत बाण होता, म्हणून मी आले. चित्रकलेच्या जाळ्यात तसा बाण नव्हता. दादानं मेहनत माझ्यापेक्षा जास्त केली होती, हे मला तेव्हाही दिसत होतं. पण त्याला "मेहनत कर" म्हणणं सोपं होतं, कारण मग माझं यश माझ्या मेहनतीचं ठरत होतं.

फ्रायबर्गर आणि मंडळी पेपरच्या शेवटी एक सुचवणूक करतात. मोठ्या संस्थांनी काही जागा सोडतीनं द्याव्यात, किंवा नाव-गाव झाकून निवड करावी. कलेच्या दुनियेत सोडत म्हटलं की लोक नाकं मुरडतील. पण आत्ता चालते तीही सोडतच आहे, फक्त तिच्या चिठ्ठ्या काही शहरांतच वाटल्या जातात. आपल्याकडे सरकारी कलादालनं आहेत, कलाप्रदर्शनं आहेत. त्यांतल्या थोड्या भिंती, आणि कॅनव्हास न्यायचं भाडं, जिल्ह्याच्या पोरांना सोडतीनं द्यायला काय हरकत आहे? त्यानं सगळी मधली गाणी पहिली येणार नाहीत. निदान आठातल्या एका जगात तरी ती वाजतील.

गेल्या आठवड्यात दादाला दोन्ही सिनेमांची नावं पाठवली. रात्री मशीनवर फ्लेक्स निघत असताना त्यानं फोनवर पाहिले. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन.

"त्या ट्रकला बांधलेलं हिरवं कापड कुणाच्या मागावरचं असंल गं?"

मी म्हटलं, माहीत नाही. मग त्याला पेपरबद्दल सांगितलं, ३९ आणि १४. आणि दिवाळीतलं ते वाक्य चुकीचं होतं, हेही.

"चौदा म्हंजे वाईट न्हाई की," तो म्हणाला. "आमच्या वर्गात बत्तीस जण हुतो. चौघं काढत्यात अजून." त्यानं चौघांची नावं सांगितली. स्वतःचं घेतलं नाही. वाक्याबद्दल काही बोलला नाही. म्हणाला, ठेवतो, कुंभार गल्लीत जायचंय. गणपती जवळ आलेत, आणि मूर्तींच्या डोळ्यांची आखणी अजून त्यालाच बोलावून करून घेतात.

मी मनात बत्तीसातले पाच केले. म्हणजे साडेपंधरा टक्के. पेपरपेक्षा थोडे जास्तच.

पुढच्या वेळी आयगेनव्हेक्टर खरंच हातानं सोडवून दाखवते, तीन गॅलऱ्यांचं छोटं उदाहरण घेऊन. तोवर तुमच्या गावात कुणी 'पाचवा' असेल तर त्याची पहिली प्रदर्शनं कुठे झाली ते मला नक्की लिहा.